मूल्यशिक्षण: वेगळा तास की रोजच्या विषयांतून?

वेगळा तास ठेवला की वेळ हक्काचा मिळतो. जपानने २०१८ पासून प्राथमिक शाळांत नीतिशिक्षणाला विशेष विषयाचा दर्जा दिला. वर्षाला साधारण ३५ तास, पण गुण नाहीत, फक्त वर्णनात्मक नोंद. हे योग्यच आहे, कारण गुण आले की मुलं शिक्षकांना हवं तेच लिहितात. तास फसतो तो बोधकथा सांगून तात्पर्यावर थांबल्यामुळे. त्याऐवजी १० मिनिटं पेचप्रसंग (मैत्रिणीने कॉपी केली, सांगायचं का?), २० मिनिटं गटचर्चा, शेवटी प्रत्येकाने कारणासह आपली भूमिका लिहायची. मत बदलायची मुभा हवीच.

विषयांतून शिकवताना मूल्य कामातच येतं: प्रयोगातलं न जुळलेलं वाचन जसंच्या तसं नोंदवणं हा प्रामाणिकपणाच. हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांनी १९२८ मध्ये दाखवलं, की मुलांचा प्रामाणिकपणा प्रसंगानुसार बदलतो; म्हणून सराव अनेक ठिकाणी लागतो. मात्र कोणत्या शिक्षकाने कोणतं मूल्य घ्यायचं हे आधी लिहून ठेवलं नाही, तर अभ्यासक्रम मागे पडताच हेच पहिलं गळतं.

आमची पसंती दुसऱ्या मार्गाला, जोडीला पंधरवड्यातून एक चर्चातास. मूल्यं मोजकी: प्रामाणिकपणा, न्याय, दुसऱ्याचा सन्मान. आज्ञाधारकपणा यादीत नको. चुकीच्या आदेशाला नकार देणं त्यात बसत नाही.