फॉरमॅट मारण्याआधी ‘ऑटोरन्स’: एक वापर-परीक्षण

गुहागरात आमचा घरगुती निवासाचा व्यवसाय आहे आणि त्याचा सगळा हिशेब, म्हणजे आगाऊ नोंदणी, पावत्या, रात्रीच्या जेवणाची किती ताटे लागणार इथपर्यंत, एका सहा वर्षांच्या लॅपटॉपवर चालतो. यंदा श्रावण लागल्यापासून हा लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर एकापाठोपाठ दोन चौकटी येऊ लागल्या. दोन्हींचे शीर्षक ‘रनडीएलएल’ आणि दोन्हींत तक्रार एकच, की अमुक फाइल सुरू करताना अडचण आली, ‘द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड’, म्हणजे सांगितलेली फाइल सापडली नाही. ‘ओके’ दाबले की चौकट निघून जाई आणि पुढचे काम नेहमीप्रमाणे होई. परंतु पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा वीज जाणाऱ्या गावात, जेमतेम तग धरणाऱ्या बॅटरीवर हा लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू करावा लागतो आणि प्रत्येक वेळी समोर बसलेल्या पाहुण्यांसमक्ष त्या दोन चौकटी मिटवाव्या लागतात, तेव्हा त्या डोळ्यांत खुपू लागतात.

चिपळूणच्या एका दुरुस्तीवाल्याला मी चौकटींचे छायाचित्र पाठवले. उत्तर तत्काळ आले: “काकू, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. आठशे रुपये होतील, लॅपटॉप दोन दिवस ठेवून जा.” गणपतीच्या सुट्टीची नोंदणी ऐन भरात असताना लॅपटॉप दोन दिवस सोडायचा, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटरची फेरी करायची आणि परत आल्यावर प्रिंटरपासून हिशेबाच्या प्रोग्रामपर्यंत सगळे नव्याने बसवायचे, हे मनाला पटेना. म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या सांगण्यावरून मी मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे, लॅपटॉप सुरू होताना आपोआप काय काय चालते ते दाखवणारे मोफत साधन वापरून पाहिले. हे परीक्षण त्या साधनाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: ज्या चौकटीसाठी फॉरमॅट सुचवला जातो, ती बहुतेक वेळा एका शिल्लक राहिलेल्या नोंदीची करामत असते आणि ती नोंद शोधण्यासाठी ऑटोरन्ससारखे दुसरे साधन मला दिसले नाही, मात्र ते घाईच्या माणसाचे काम नव्हे.

चूक मुळात आमच्याच घरातली होती. मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या एका नातलग मुलाने पावत्या मराठीत करता याव्यात म्हणून मराठी टंकलेखनाचा एक फुकट प्रोग्राम कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवला. उतरवताना त्याने ठळक हिरवे बटण दाबले आणि बसवताना ‘एक्सप्रेस’ हा पर्याय तसाच राहू दिला. त्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत आणखी तीन गोष्टींना संमती दिलेली होती: ब्राउझरमधली एक शोधपट्टी, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) अद्ययावत करून देण्याचा दावा करणारा एक प्रोग्राम आणि हवामान दाखवणारी एक चकती. (समुद्रासमोर राहणाऱ्या माणसाला हवामान दाखवण्यासाठी चकती!) ‘कस्टम’ पर्याय निवडला असता तर तिन्ही खुणा काढता आल्या असत्या. खरे तर त्या प्रोग्रामचीच गरज नव्हती, कारण २०१९ च्या मे महिन्यातील अद्यतनापासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक अंगचाच आहे. सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की तो निवडता येतो आणि रोमन अक्षरांच्या उच्चारांवरून देवनागरी उमटते.

अशा जोडीने येणाऱ्या प्रोग्रामांचा इतिहास मोठा आहे आणि त्यात केवळ अनोळखी संकेतस्थळेच आहेत असे नाही. ओरॅकल कंपनीच्या ‘जावा’ या प्रोग्रामबरोबर कित्येक वर्षे ‘आस्क’ ही शोधपट्टी गळ्यात पडत असे, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर कारखान्यातूनच बसवलेल्या ‘सुपरफिश’चा बोभाटा झाला, कारण ते वेबपानांत जाहिराती घुसवण्यासाठी सुरक्षित जोडणीचीच खात्री पोकळ करून ठेवत होते.

आता चौकट का येते ते. डीएलएल ही स्वतःहून न चालणारी, दुसऱ्या कोणी हाक मारल्यावरच काम करणारी फाइल असते, आणि अशी हाक मारण्यासाठी विंडोजमध्ये ‘रनडीएलएल३२’ नावाचा स्वतःचा प्रोग्राम असतो. असा जोडीने आलेला, नको असलेला पाहुणा-प्रोग्राम आत शिरताना आपली डीएलएल फाइल वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात ठेवतो आणि विंडोजला सांगून ठेवतो, की दर वेळी सुरू होताना रनडीएलएल३२ कडून हिला हाक मार. पुढे आपण तो प्रोग्राम काढून टाकतो किंवा विषाणूरोधक ती फाइल उचलून नेतो. सांगून ठेवलेला निरोप मात्र तसाच राहतो. आंब्यावरचे बांडगूळ नुसते ओरबाडले तर फांदीत रुतलेला भाग राहतो, म्हणून जाणता गडी फांदीच जरा खालून छाटतो, हे इकडे कोणालाही सांगावे लागत नाही. आमच्या लॅपटॉपवर उरलेला भाग मेलेला होता, एवढाच फरक. विंडोज इमानेइतबारे हाक मारत होते, ओ द्यायला कोणी नव्हते आणि त्या निरुत्तर हाकेची वर्दी म्हणजे ती चौकट. दुरुस्तीवाला ज्याला व्हायरस म्हणत होता, तो तिथून केव्हाच गेलेला होता.

पहिला प्रयत्न मी टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या विंडोजच्याच साधनातून केला. विंडोज ८ पासून त्यात ‘स्टार्टअप’ असा विभाग आहे आणि सुरू होताना चालणारे प्रोग्राम तिथे बंद करता येतात. तिथे मला पाहुण्याचे नाव कुठेच दिसले नाही. दिसली ती ‘विंडोज होस्ट प्रोसेस (रनडीएलएल३२)’ अशी ओळ आणि तिच्यापुढे निर्माता म्हणून चक्क मायक्रोसॉफ्ट. मायक्रोसॉफ्टची म्हणून तिला हात लावायला माणूस धजावत नाही, पण निर्मात्याचे ते नाव हाक मारणाऱ्याचे असते, ज्याला हाक मारायची त्याचे नव्हे. ओळीवर उजवी टिचकी मारून तपशील पाहिला, ती बंद केली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. एक चौकट गेली. दुसरी जागची हलली नाही.

इथे ऑटोरन्स कामाला आले. हे साधन ‘सिसइंटर्नल्स’ संचातले आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ साली सुरू केलेला हा उद्योग २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि तेव्हापासून ही साधने तिच्याच संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ते तिथूनच घ्यावे, हे आग्रहाने सांगते, कारण शोधयंत्रात त्रुटीसंदेशाचे शब्द टाकले की ‘ही त्रुटी दुरुस्त करा’ म्हणणारे जे प्रोग्राम समोर येतात, त्यांतले पुष्कळसे त्याच जातीचे असतात, ज्यांच्यामुळे आपण शोधायला बसलेलो असतो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करून देणाऱ्या प्रोग्रामांना तर मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. ऑटोरन्सची झिप फाइल काही एमबींचीच आहे, त्यामुळे आमच्या रेंगाळणाऱ्या इंटरनेटवरही ती लगेच उतरली. शिवाय ते बसवावे लागत नाही, झिप उघडायची आणि ६४ बिटांची फाइल ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवायची.

उघडल्यावर पहिल्या क्षणी घाबरायला होते. लॉगऑन, एक्सप्लोरर, शेड्यूल्ड टास्क्स, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, विनलॉगऑन अशा विभागांची रांग वर दिसते आणि खाली शेकडो ओळी धावू लागतात, कारण विंडोज सुरू होताना जे काही आपोआप चालू शकते ते सगळे हे साधन एका जागी मांडते. यावर दोन उतारे आहेत. ‘ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायच्या आणि फाइलींवरच्या निर्मात्याच्या डिजिटल सह्यांची पडताळणी सुरू करायची, मग ओळींचे अरण्य विरळ होते. उरलेल्यांपैकी ज्यांची फाइल सापडत नाही त्या ओळी पिवळ्या दिसतात आणि ज्यांच्या निर्मात्याची ओळख पटत नाही त्या गुलाबी. माझ्या लॅपटॉपवर सात ओळी पिवळ्या होत्या.

या साधनाचे मोल नेमके इथे कळते, आणि धोकाही. सातही पिवळ्या ओळी एका दमात पुसून टाकाव्यात असा मोह होतो, पण पिवळी ओळ म्हणजे घातक ओळ नव्हे. निरोगी विंडोजमध्येही काही नोंदी फाइल नसलेल्या असतात आणि माझ्याकडच्या दोन तर आम्ही केव्हाच भंगारात दिलेल्या प्रिंटरच्या होत्या. मी चौकटीतला फाइलचा मार्ग कागदावर उतरवून घेतला आणि तो मार्ग ज्या ओळींत होता तेवढ्याच निवडल्या. त्या दोनच निघाल्या: लॉगऑन विभागातली एक, जी टास्क मॅनेजरमधून मी आधीच बंद केली होती, आणि दुसरी शेड्यूल्ड टास्क्समध्ये. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप विभाग नियोजित कामे दाखवतच नाही, म्हणून ती दुसरी चौकट माझ्या हाती लागत नव्हती.

ओळीपुढची खूण काढली की नोंद निष्क्रिय होते, नाहीशी होत नाही, आणि पुन्हा खूण केली की पूर्ववत होते. हा भाग मला सर्वाधिक आवडला. ‘डिलीट’ केलेले मात्र परत येत नाही, म्हणून मी दोन्ही ओळींच्या फक्त खुणा काढल्या, लॅपटॉप सुरू करून पाहिला, पडदा स्वच्छ दिसला, आणि आठवडाभर पावत्या, प्रिंटर, इंटरनेट सगळे सुरळीत चालल्यावरच त्या कायमच्या पुसल्या. त्याआधी ‘रिस्टोर पॉइंट’, म्हणजे बिघडल्यास विंडोज मागच्या स्थितीला नेता येईल अशी नोंद, करून ठेवला होता. तो करताना आमच्या लॅपटॉपवर त्यासाठी लागणारे ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ बंद असल्याचे लक्षात आले, आणि पुष्कळ ठिकाणी ते मुळातच बंद असते, तेव्हा आधी ते तपासून घ्यावे.

उणिवा सांगायला हव्यात. ऑटोरन्स इंग्रजीतच आहे, अक्षरे बारीक आहेत, आणि एखादी नोंद काढल्यास काय होईल याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण ते देत नाही. ड्रायव्हर्स किंवा विनलॉगऑन विभागात चुकीची खूण काढली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते, म्हणजे दोन चौकटींच्या त्रासापायी खरोखरच चिपळूण गाठावे लागेल. ‘व्हायरसटोटल’ या फाइली तपासणाऱ्या ऑनलाइन सेवेकडून नोंदींची तपासणी करवण्याची सोय उपयुक्त आहे, पण तिला इंटरनेट लागते आणि आमच्याकडे ती निकाल द्यायला बराच वेळ घेत होती. शिवाय हे साधन साफसफाई करत नाही. ते दाखवते, निवड आपली.

साफसफाईसाठी मी ‘अ‍ॅडडब्ल्यू क्लीनर’ चालवले. तेही मोफत आहे, बसवावे लागत नाही, आणि २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. त्याने काही मिनिटांत ब्राउझरमधले अवशेष शोधून वेगळे काढले. तोवर आमच्या ब्राउझरमध्ये ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’, म्हणजे व्यवस्थापन तुमच्या संघटनेकडे, अशी ओळ दिसत असे. आमची संघटना म्हणजे आम्ही दोघे आणि एक मांजर, त्यामुळे व्यवस्थापन कोण करीत होते हा प्रश्नच होता. ती ओळ गेली. ज्यांना ओळी वाचत बसायचे नाही त्यांनी आधी सेटिंग्जमधून नको असलेला प्रोग्राम रीतसर काढावा, मग अ‍ॅडडब्ल्यू क्लीनर चालवावे, आणि चौकट तरीही येत राहिली तरच ऑटोरन्स उघडावे. आपल्याच कंपनीच्या सशुल्क प्रोग्रामची आठवण अ‍ॅडडब्ल्यू क्लीनर अधूनमधून करून देते, तेवढे सोसावे लागते.

विंडोजच्याच ‘विंडोज सिक्युरिटी’ या सुरक्षा-प्रोग्राममधल्या ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात नको असण्याची शक्यता असलेले प्रोग्राम अडवण्याची सोय २०२० पासून आहे. आमच्या लॅपटॉपवर ती बंद होती. तिच्यातल्या दोन्ही खुणा, प्रोग्राम अडवण्याची आणि उतरवणे अडवण्याची, मी आता करून ठेवल्या आहेत.

ऑटोरन्सला पाचांपैकी चार गुण देईन. एक गुण त्याच्या मुकेपणासाठी कापला. चौकटीतली फाइल ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरातली असेल आणि तिचे नाव अगम्य किंवा काढून टाकलेल्या प्रोग्रामचे असेल, तर हा उपाय लागू पडण्याची शक्यता पुष्कळ आहे. फाइल विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरातली असेल, पडदा निळा होत असेल किंवा डिस्क आवाज करत असेल, तर ऑटोरन्स उघडण्यात वेळ घालवू नये. हिशेबाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि मग खुशाल लॅपटॉप पिशवीत घालून सकाळची एसटी पकडावी.