एक्झिफटूल: जर्मनीतली दिवाळी आणि एक तासाचा घोळ

एक्झिफटूल म्हणजे फोटोच्या आत लिहिलेली तारीख-वेळ बघायचं अन् बदलायचं सॉफ्टवेअर. आधीच सांगतो, दिसायला काहीच नाही. बटण नाही, मेनू नाही, काळी खिडकी उघडायची अन् टाइप करायचं. फिल हार्वी म्हणून एका माणसानं बनवलंय, 2003 पासून चालू आहे आणि फुकट आहे. मी लातूरचा, कॉम्प्युटरमधलं बेताचंच येतं, तरी जमलं.

झालं असं की 2024 ची दिवाळी पोरीकडं म्युनिकला केली. तीन आठवडे, अकराशेच्या आसपास फोटो. कॅमेऱ्याचं घड्याळ आपल्या टाइमवरच राहिलं, मोबाईल मात्र उतरल्या उतरल्या तिथला टाइम धरून बसला. घरी येऊन दोन्हीचे फोटो एका फोल्डरात टाकले तर सगळी खिचडी. म्हणलं सोपं आहे, तिकडं साडेतीन तास मागं, कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंतून 3:30 वजा करू. पहिल्या आठवड्याचे फोटो एकदम बरोबर बसले. पण लक्ष्मीपूजनाला बघतो तर आधी आरती आणि मग पूजेची मांडणी! आरती मोबाईलवर काढलेली, मांडणी कॅमेऱ्यात. कॅमेरा बरोबर एक तास पुढं.

पोरीला फोन केला तर हसायला लागली. "पप्पा, आपण इथं असतानाच तर घड्याळं मागं केली की." तेव्हा डोक्यात उजेड पडला. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढं अन् ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. 2024 ला तो रविवार 27 ऑक्टोबर. त्याच्या आधी लातूर-म्युनिक फरक साडेतीन तास, नंतर साडेचार. आपल्याकडं ही भानगड नाही (दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं घड्याळ एक तास पुढं नेलं होतं म्हणे), म्हणून आपल्याला ते सुचतच नाही.

आता एक्झिफटूलची खरी मजा. 'ऑलडेट्स' लिहून पुढं वजा-बरोबर अन् तास लिहिले की फोटो काढल्याची तारीख, बनल्याची तारीख, बदलल्याची तारीख तिन्ही एकदम सरकतात. शिवाय 'इफ' लावून अट घालता येते, अमुक वेळेच्या आधीचेच फोटो घे म्हणून. आता अट कोणत्या वेळेची? तिकडं पहाटे 3 चे 2 झाले, तेव्हा आपल्याकडं सकाळचे 6:30. कॅमेरा आपल्या टाइमवर, म्हणून 27 तारखेचे 6:30 ही रेघ.

इथं माझी माती झाली. मी आधी रेघेनंतरच्या फोटोंतून 4:30 वजा केले, मग रेघेआधीच्यांतून 3:30. त्या रविवारी पहाटे स्टेशनावर घड्याळाखाली बायकोचा फोटो काढला होता, घड्याळात 6:10 स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्यात तो 10:40 चा. साडेचार गेले, 6:10 झाला, म्हणजे बरोबर झाला, पण 6:10 हे रेघेच्या आधीचं म्हणून दुसऱ्या कमांडनं त्यालाही धरलं अन् परत साडेतीन तास कापले. बायको बघून म्हणली, "रात्री दोन चाळीसला आपण स्टेशनावर कामून गेलतो हो?"

जीव वाचला तो एका गोष्टीनं, हे टूल प्रत्येक फोटोची मूळ कॉपी शेजारी ठेवतं, आणि कितीही कमांडा चालवा, आधीची कॉपी पुसत नाही. एका कमांडनं सगळे मूळचे परत. मग आधी 3:30 वाले, नंतर 4:30 वाले, या क्रमानं केलं तर गडबड नाही. खात्री करायला त्याच स्टेशनाच्या घड्याळाचा फोटो उघडला, आतमध्ये 6:10, बाहेर 6:10. लई बरं वाटलं.

त्याच बैठकीत ऑफसेट (म्हणजे तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या, जगाच्या मूळ टाइमच्या, किती पुढं ते) पण भरून टाका, आधीच्यांना +02:00, नंतरच्यांना +01:00. फोटोतल्या तारखेत नुसता टाइम असतो, कुठल्या देशाचा ते नसतं, अन् त्या रात्री 2 ते 3 हा तास दोनदा येतो. फोटोत ही माहिती कशी लिहायची त्या नियमाला एक्झिफ म्हणतात, ऑफसेटचा रकाना त्याच्या 2016 च्या 2.31 आवृत्तीपासून आला, माझा कॅमेरा त्याच्या आधीचा, त्यानं तो रिकामाच ठेवलेला.

बारीकसारीक त्रास म्हणाल तर, विंडोजवर एक्झिफटूलच्याच फाइलच्या नावातला कंस अन् के (-k) काढल्याशिवाय कमांड नीट चालत नाही, अन् सिंगल कोट दिला की तक्रार, डबलच लागतो. कमांडमधे कॅपिटल पी (-P) लावायला विसरलात तर फोल्डरात सगळ्या फाइलींची तारीख आजची दिसते. मोबाईलचे व्हिडिओ उगं यात ओढू नका, त्यांची वेळ आत ग्रीनिचच्या हिशोबानं असते. आणि त्या मूळ कॉप्यांनी डिस्क दुप्पट भरते, काम पक्कं झाल्यावर उडवा, आधी नाही.

याच्या आधी एक पैसे देऊन घेतलेलं ॲप वापरलं होतं, सुंदर बटणं, पण सगळ्या फोटोंना एकच फरक, मधे घड्याळ बदललं हे त्याच्या गावीच नाही. पैसे गेले.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा त्या काळ्या खिडकीचा कापला, बायको अजून म्हणती की तुम्ही कायतरी हॅक करायलाव.