सहा माणसांचा तंबू, पाच महिने: चोरल ते महेश्वर

दिवाळीनंतर घेतलेला हा तंबू मार्चअखेरपर्यंत सात रात्री वापरून झाला. चार रात्री इंदूरजवळच्या चोरल नदीकाठी, एक जानापाव डोंगराच्या पायथ्याशी, दोन महेश्वरजवळ नर्मदेकाठी. आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई, वय ७१. घेतला तो त्यांच्यासाठीच. नर्मदेवरची पहाट त्यांना काठावर बसून पाहायची होती.

'सहा माणसांचा' हा कंपनीचा हिशेब. गाद्या अंथरल्या की आम्ही पाच जण नि थोडं सामान, बस्स. घेताना मी कापड किती पाणी सोसतं त्याचा आकडा बघत बसले होते. घरात वडीलधारं माणूस असेल तर आधी उंची बघा. आत सहा फूट उंची आहे म्हणून सासूबाई उभ्याने साडी नेसू शकतात. दाराचा उंबरठा मात्र वीतभर वर आहे. रात्री त्यांचा पाय दोनदा अडकला. आता तिथे पांढरी चिंधी बांधतो.

डिसेंबरात चोरलला थंडी म्हणून सगळ्या झडपा बंद करून झोपलो. पहाटे चारला धाकटीच्या कपाळावर थेंब पडला. छत गळतंय असंच वाटलं. हात फिरवला तर वरचं कापड आतून ओलं, तळहात निथळला. बाहेर आभाळ स्वच्छ. पाच माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर धरली होती, त्यात नदीकाठची दमट हवा. पुढच्या खेपेला वरच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवल्या, ओले टॉवेल बाहेर दोरीवर टाकले आणि एक गोधडी जास्त नेली. सकाळी आतलं कापड कोरडं! बाहेरून दवाने भिजतोच, म्हणून घरी आल्यावर गच्चीवर वाळवल्याशिवाय घडी घालत नाही.

सोबतच्या खुंट्या बारीक आहेत. माळव्याच्या काळ्या मातीत ठीक, खडकात वाकतात, नर्मदेच्या वाळूत उपटून येतात. तिथे पिठाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या हातभर खोल पुरल्या. रात्रभर वारा होता, तंबू हलला नाही. बाफल्यांची (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) शेगडी लांब ठेवा; एका ठिणगीने आमच्या बाहेरच्या कापडाला भोक पडलंय.

महेश्वरला तंबू पाण्याजवळ लावायचा मुलींचा हट्ट होता. मी ऐकलं नाही. वर ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही धरणं आहेत, पाणी सोडलं की पात्र बघता बघता चढतं. एप्रिल २००५ मध्ये नर्मदेकाठच्या धाराजीला भूतडी अमावस्येच्या जत्रेत असंच पाणी वाढून साठाहून जास्त भाविकांचा जीव गेला. गावातल्या नावाड्याला विचारून, ओल्या खुणेच्या बऱ्याच वर, चढणीवर जागा घेतली. पहाटे सासूबाई दार उघडून तिथेच मांडी घालून बसल्या. चहा गार झाला तरी उठल्या नाहीत.

तक्रार एकच. फेब्रुवारीत तंबू उभा धरणारी फायबरग्लासची एक कांब उभी चिरली, तिचे तंतू हाताला टोचले. बदली कांब यायला तीन आठवडे लागले. तोवर सोबत आलेली धातूची नळी चढवून काम भागवलं. ती नळी पिशवीत असू द्याच.

आता जूनपासून तंबू माळ्यावर. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्यावर जुलै २०११ मध्ये अचानक लोंढा आला आणि एक कुटुंब वाहून गेलं. ते पाहिलेल्या इंदूरच्या माणसाने पावसाळ्यात ओढ्याकाठी मुलांना झोपवू नये. ऑक्टोबरात पुन्हा चोरल.