पहिल्या हिवाळी सहलीसाठी स्की की स्नोबोर्ड : इंदूरहून निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

गुलमर्ग किंवा औली येथे प्रथमच जाण्याच्या तयारीत असलेली लोकमान्यनगरातील आमच्या ओळखीची मंडळी दर हिवाळ्यात मला एकच प्रश्न विचारतात : स्कीइंग शिकावे की स्नोबोर्डिंग? हातात प्रत्यक्ष किती दिवस आहेत आणि गुडघा व मनगट यांपैकी कोणता सांधा अधिक जपायचा आहे, या दोन गोष्टींवरून हा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

दिवसांचा हिशेब आधी करू. स्कीइंगमध्ये प्रत्येक पायाला वेगळी लांब, अरुंद फळी म्हणजे स्की असल्याने दोन्ही पाय स्वतंत्र असतात, तोंड उताराच्या दिशेला असते आणि स्कीची पुढची टोके जवळ आणून मागचा भाग फाकवला की वेग कमी होतो. त्यामुळे सौम्य उतारावर थांबणे बहुतेकांना पहिल्याच दिवशी जमू लागते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात आणि शरीर कुशीवर वळलेले राहते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस पडण्यात व उठण्यातच जातात; मात्र एकदा वळणे जुळू लागली की प्रगती झपाट्याने होते. इंदूरहून सात दिवसांची सहल आखली तर प्रवास आणि खराब हवामान वजा जाता उतारावर जेमतेम चार दिवस मिळतात, आणि बोर्ड शिकणारा नेमका आनंद मिळू लागण्याच्या सुमारास परत निघतो. ज्या मुलांनी शहरात रोलर स्केटिंग केले आहे, त्यांना एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेण्याची सवय स्कीवर थेट उपयोगी पडते.

दुखापतींच्या बाबतीत दोन्ही खेळांचा स्वभाव वेगळा आहे. स्की हा पायाला जोडलेला लांब तरफेचा दांडा आहे. मागे बसल्यासारखे पडताना तो बर्फात अडकून वळला तर सारा पीळ गुडघ्यावर येतो आणि आतले लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, तुटू शकते. यासाठीच स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणारी कळ, ठरावीक जोरापलीकडे उघडून बूट मोकळा करते. ती किती जोराने उघडावी, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात आणि त्यानुसार बाइंडिंगवरच्या छोट्या खिडकीतला आकडा लावतात. माझ्या पहिल्या सहलीत भाड्याने साहित्य देणाऱ्याने यांपैकी एकही गोष्ट विचारली नाही. अगदी संथ वेगात पडलो, स्की सुटली नाही, गुडघा पिळवटला आणि पुढचे सहा आठवडे घराचा जिना चढणे अवघड झाले. म्हणून आग्रहाने सांगतो की, वजन न विचारता बाइंडिंग लावून देणाऱ्या दुकानातून स्की घेऊ नये. बाइंडिंग योग्य लावली तरीही गुडघा पूर्ण सुरक्षित होत नाही, कारण या यंत्रणेने नडगीची हाडे मोडण्याचे प्रमाण पुष्कळ घटवले असले तरी गुडघ्याच्या लिगामेंटला ती तितके संरक्षण देऊ शकलेली नाही. याशिवाय, तोलासाठी हातात घेतलेली स्कीची काठी मुठीत घट्ट धरून पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी लिगामेंट दुखावते, तेव्हा पडताना काठी सोडून द्यायला शिकावे.

स्नोबोर्डची बाइंडिंग पडताना सुटत नाही. दोन्ही पाय एकत्रच वळत असल्याने गुडघ्याला पीळ कमी बसतो, परंतु आधारासाठी हात आपोआप पुढे जातो आणि शिकाऊ बोर्डरची सर्वाधिक दुखापत मनगटाला होते. हातमोज्याखाली घालायचे मनगटरक्षक हा धोका निश्चित कमी करतात. भाड्याच्या दुकानात ते मिळतीलच असे नाही, म्हणून इंदूरहूनच घेऊन जावेत. ज्यांचे मनगटावर पोट आहे, मग ते तबलावादक असोत, शल्यचिकित्सक असोत किंवा चित्रकार, त्यांनी माझ्या मते स्कीच निवडावी. उलट, गुडघा पूर्वी दुखावलेल्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊन, अपुऱ्या दिवसांची तडजोड स्वीकारून बोर्डाकडे वळावे.

बोर्डाची उताराकडची धार अचानक बर्फात रुतली की माणूस क्षणात उताणा आपटतो आणि डोक्याचा मागचा भाग आदळतो. हेल्मेट दोन्ही खेळांत अनिवार्यच मानावे, आणि त्याच्या आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० हे मानक छापलेले आहे का, ते पाहावे. दुचाकीचे हेल्मेट येथे चालत नाही; ते जड असते आणि मागून येणाऱ्याची चाहूल त्यातून नीट लागत नाही.

उतारावरची संस्कृतीही बरीच बदलली आहे. १९६५ साली अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून मुलींसाठी केलेल्या खेळण्यातून स्नोबोर्डची वाट निघाली, आणि पुढे कित्येक वर्षे बहुतेक स्की केंद्रांनी बोर्डरांना मज्जाव केला. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आज अमेरिकेतील आल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीन केंद्रे सोडली तर ही बंदी जवळपास इतिहासजमा झाली आहे. जुना वाद मिटला असला तरी त्यामागची एक अडचण खरी होती आणि ती आजही आहे : बोर्डरला पाठीमागची बाजू दिसत नाही आणि त्याच्या रुंद वळणाचा अंदाज स्कीअरला येत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये केलेल्या आचारनियमांनुसार खाली असलेल्याचा हक्क पहिला असतो आणि वरून येणाऱ्याने आपला मार्ग त्याला टाळून निवडायचा असतो. हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

ठिकाणाचा विचार केला तर औली आणि मनाली येथील सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम प्रामुख्याने स्कीचे आहेत, तर बोर्डासाठी गुलमर्ग अधिक सोयीचे आहे. जानेवारीच्या बर्फावर मात्र विसंबू नये; २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे होते. फेब्रुवारीचा मध्य हा अधिक भरवशाचा काळ आहे, पण ताज्या बर्फाबरोबर हिमस्खलनाचा धोकाही वाढतो. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला तेथे आखीव मार्गाबाहेरच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवट पर्वताच्या बाजूचे वरचे उतार, बर्फाखालील माणूस शोधण्याचे यंत्र, फावडे व शोधकाठी बाळगणाऱ्या आणि ती वापरण्याचा सराव असलेल्या लोकांसाठी आहेत. पहिल्या सहलीत गोंडोलाच्या, म्हणजे तेथील रज्जुमार्गाच्या, दुसऱ्या टप्प्याचे तिकीट केवळ दृश्य पाहण्यासाठी काढावे आणि खालीही गोंडोलानेच यावे.