लहान मुलांच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याचा स्वॅब-संच: पोस्टडॉक संशोधकांसाठी एक परीक्षण

आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतील ताणावर संशोधन करणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणारा संशोधक, नव्या प्रयोगशाळेत रुजू झाला, की त्याला लवकरच ठरवावे लागते की ताण मोजायचा कशाने. करार दोन, फार तर तीन वर्षांचा असतो, मुलांचे वय कोणासाठी थांबत नाही, आणि पुढच्या नोकरीच्या अर्जात दाखवायला किमान एक स्वतःचा म्हणता येईल असा शोधनिबंध हवा असतो. अशा वेळी बहुतेकांची निवड लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकावर येऊन थांबते, कारण लाळ घेताना सुई टोचावी लागत नाही, पालक सहज संमती देतात आणि घरीही नमुना घेता येतो. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या, खास लहान मुलांसाठी बनवलेल्या कृत्रिम तंतूंच्या स्वॅब-संचाचे (स्वॅब म्हणजे लाळ शोषून घेणारा बोळा) हे परीक्षण आहे. मी तो संच बाळांवर आणि शाळापूर्व वयाच्या मुलांवर दीर्घकाळ वापरला आहे, आणि करार संपत आलेल्या सहकाऱ्यांना त्याच्या भरवशावर योजना आखताना पाहिले आहे.

संच दिसायला साधा आहे. लहान मुलांसाठीचा स्वॅब सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असतो. सहा महिन्यांखालील बाळांसाठीचा त्याहून आखूड आणि बारीक असतो. एवढी लांबी सुरक्षिततेसाठी आहे, कारण एक टोक मुलाच्या तोंडात असताना दुसरे टोक सतत मोठ्या माणसाच्या हातात राहिले पाहिजे, म्हणजे घशात अडकण्याची भीती उरत नाही. भिजलेला भाग कापून दुहेरी नळीच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा आणि झाकण घट्ट लावून नळी गोठवायची. पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर लाळ खालच्या भागात उतरते. गोठवणे आणि पुन्हा वितळवणे ही टाळता येण्याजोगी कटकट वाटली तरी तिचा उपयोग आहे, कारण त्यामुळे लाळेतील चिकट म्यूसिन प्रथिने तळाशी बसतात आणि वरचा द्रव पिपेटमध्ये नीट घेता येतो.

तंतू कृत्रिम असण्याला महत्त्व आहे. पूर्वी कापसाचे बोळे सर्रास वापरले जात, परंतु 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतिशास्त्रीय अभ्यासाने दाखवून दिले की कापसामुळे टेस्टोस्टेरॉन, डीएचईए यांसारख्या संप्रेरकांची मोजमापे बिघडतात. त्या अभ्यासात कॉर्टिसॉल त्या मानाने बचावले होते. तरीही एकाच नमुन्यातून पुढे दुसरे काही मोजण्याची शक्यता मोकळी ठेवायची असेल, तर कापूस टाळलेला बरा. लाळ सुटावी म्हणून मुलांच्या जिभेवर आंबटगोड पेय-पावडरीचे कण ठेवण्याची जुनी पद्धतही अशीच धोक्याची ठरली, कारण त्या आम्लामुळे प्रतिपिंडांवर आधारित चाचणीचे आकडे बदलतात. या संचात असे काहीही लागत नाही, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

प्रत्यक्ष वापर बाळाच्या वयावर अवलंबून असतो. दहा महिन्यांचे बाळ स्वॅब आनंदाने चावते, मात्र मोकळे टोक ओढून हिसकावून घेण्याचा प्रयत्नही करते. अशा वेळी त्याच्या हातात खेळणे द्यावे आणि स्वॅब आईने किंवा वडिलांनी धरावा. अनोळखी हातापेक्षा ओळखीच्या हाताला बाळ कमी विरोध करते. तोंडात स्वॅब एकूण मिनिटभर ते दीड मिनिट राहिला पाहिजे, मात्र हा वेळ सलग नसला तरी चालते. तोच स्वॅब थोडा थांबून पुन्हा तोंडात ठेवता येतो. दीड-दोन वर्षांचे मूल बहुधा तोंड मिटून घेते आणि तेव्हा संचापेक्षा संशोधकाच्या धीराचीच परीक्षा होते. पाच-सहा वर्षांनंतर मुलाला नळीत थेट लाळ सोडायला शिकवता येते. ती पद्धत अधिक स्वच्छ आहे आणि त्या वयात स्वॅबवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.

नमुना पुरेसा मिळणे ही या संचाची खरी मर्यादा आहे. नेहमीच्या चाचणीत एका वेळी 25 मायक्रोलिटर लाळ लागते आणि प्रत्येक नमुना दोनदा तपासायचा असतो, म्हणजे 50 मायक्रोलिटर ही किमान गरज झाली. चाचणी पुन्हा करावी लागली तर त्याच्या कितीतरी पट हाताशी हवी. तान्ह्या बाळाचा स्वॅब बाहेरून ओला दिसतो, पण फिरवल्यावर नळीच्या तळाशी जेमतेम एक थेंब जमा होतो, असे वारंवार घडते. म्हणून प्रत्येक स्वॅब गोठवण्यापूर्वी वजन करून नोंदवण्याची सवय लावावी. कोरड्या संचाचे वजन आधीच घेतलेले असले, की लाळ किती आली हे त्याच दिवशी कळते. दूध पाजल्यानंतर निदान अर्धा तास थांबावे लागते, कारण दुधातील संप्रेरके चाचणीत मिसळतात. दात येत असतील तर हिरड्यांतील रक्ताची शक्यता पाहावी लागते, आणि त्वचेवर स्टेरॉइड मलम लावले आहे का किंवा दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा चालू आहे का, हेही विचारावे लागते. संचासोबतच्या सूचनापत्रकात यातील बऱ्याच गोष्टी असतात, परंतु घरी नमुना घेणाऱ्या पालकाला त्या कळतील इतक्या सोप्या भाषेत नसतात. ते पत्रक स्वतः नव्याने लिहून काढावे, असा माझा आग्रह आहे.

आता वेळेकडे वळू, कारण या संचाचे यशापयश शेवटी घड्याळावरच ठरते. ताण देणाऱ्या प्रसंगानंतर मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिथून अधिवृक्क (अॅड्रेनल) ग्रंथीला संदेश जातो, कॉर्टिसॉल रक्तात येते आणि त्याचा प्रथिनांना न बांधलेला भाग लाळेत उतरतो. लाळेतील पातळी प्रसंगानंतर साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिखर गाठते. याचा अर्थ असा की बाळ प्रयोगशाळेत आल्याबरोबर घेतलेला नमुना प्रयोगशाळेबद्दल काही सांगत नाही. तो वाटेत गाडीत झालेल्या रडारडीबद्दल सांगतो. अनेक शोधनिबंधांत ‘आधारपातळी’, म्हणजे ताण देण्यापूर्वीची पातळी, म्हणून छापलेले आकडे मला याच कारणासाठी खटकतात. आल्यावर अर्धा-पाऊण तास शांतपणे खेळू दिल्यावर घेतलेला नमुनाच आधार म्हणून धरावा, आणि भेटीची वेळ सर्व मुलांसाठी दिवसाच्या एकाच भागात ठेवावी.

असे नियोजन केले तर प्रयोगशाळेतील प्रतिक्रिया मोजण्यासाठी हा संच उत्तम काम देतो. मिनेसोटा विद्यापीठातील मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीकरणाच्या वेळी बाळांचे कॉर्टिसॉल मोजून दाखवले की पहिल्या महिन्यांत सुईनंतर होणारी वाढ वर्ष उलटल्यावर बरीच ओसरते, आणि आईवडिलांशी सुरक्षित नाते असलेल्या बाळांत ती फारशी दिसतच नाही. बाळ रडते, पण संप्रेरक मात्र उसळत नाही. रडणे आणि कॉर्टिसॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण लाळेच्या अशाच साध्या नमुन्यांतून आली. नव्या संशोधकाने वर्तनाचे चित्रीकरण आणि लाळ या दोन्हींची नोंद एकत्र ठेवावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. चित्रफितींचे सांकेतिकीकरण, म्हणजे त्यांतील वर्तनाची ठरावीक खुणांनी नोंद, लाळेच्या चाचणीची वाट न पाहता सुरू करता येते, आणि त्यातून एक स्वतंत्र निबंध कराराच्या पहिल्या निम्म्यातच उभा राहू शकतो.

घरी दिवसभराचे चढउतार मोजण्यासाठी मात्र मी या संचाची तेवढ्या खात्रीने शिफारस करणार नाही. मोठ्यांमध्ये कॉर्टिसॉल जाग आल्यानंतर अर्ध्या ते पाऊण तासात शिखरावर जाते आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहते. ही लय बाळांत जन्मतः नसते, ती पहिल्या काही महिन्यांत हळूहळू बसते आणि दुपारच्या झोपेमुळे पुढेही बदलत राहते. शिवाय पालकांनी लिहिलेली वेळ आणि नळी खरोखर उघडल्याची वेळ यांत तफावत असते, हे झाकण उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यांनी दाखवले आहे. सकाळच्या वाढीच्या मोजमापासाठी 2016 मध्ये तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच जागे होण्याची आणि नमुन्याची वेळ वस्तुनिष्ठ साधनांनी पडताळण्यावर भर आहे. संचाच्या मूळ किमतीत ही साधने येत नाहीत. अनुदानात त्यांची तरतूद नसेल तर घरच्या नमुन्यांची संख्या कमी ठेवावी, पण ते दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत. एकाच दिवसाचे नमुने त्या मुलाबद्दल कमी आणि त्या दिवसाबद्दल अधिक सांगतात.

चाचणी बाहेरच्या सेवेकडून करून घ्यावी की स्वतः करावी, यावर माझे मत स्पष्ट आहे: नमुन्यांची सुरुवातीची एखादी तुकडी स्वतः तपासावी. 96 खाचांच्या प्लेटवर मानके (माहीत असलेल्या प्रमाणाचे द्रव) आणि नियंत्रण नमुने दुहेरी ठेवल्यावर साधारण 38 नमुने मावतात, आणि एका मुलाचे सगळे नमुने त्याच प्लेटवर असावेत ही शिस्त हाताने काम केल्याशिवाय अंगी बाणत नाही. पुढे मोठ्या संख्येने नमुने पाठवायचे झाले, तर सेवेकडून प्लेटमधील व प्लेटांमधील फरकाचे आकडे आणि प्रत्येक नमुन्याची दोन्ही वाचने मागून घ्यावीत. मी वापरलेल्या एका सेवेने पहिल्यांदा केवळ सरासरी पाठवली आणि वाचने मिळवण्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. पद्धतही विचारावी. लाळग्रंथीतील एक विकर (एन्झाइम) बऱ्याचशा कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन हे निष्क्रिय रूप बनवते, आणि प्रतिपिंडांच्या चाचणीत कॉर्टिसोनचा थोडा अंश कॉर्टिसॉल म्हणून मोजला जाऊ शकतो; वस्तुमान वर्णपटमितीने (मास स्पेक्ट्रोमेट्रीने) ही अडचण येत नाही, पण खर्च वाढतो. एकके तपासावीत हे वेगळे सांगायला नको: एक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे 27.6 नॅनोमोल प्रति लिटर.

केसांतील कॉर्टिसॉल हा पर्याय अलीकडे पुष्कळजण सुचवतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून टाळूजवळचा तीन सेंटिमीटरचा भाग तीन महिन्यांचा अंदाज देतो, आणि वेळेच्या नोंदीची सगळी कटकट संपते. मोठ्या मुलांसाठी तो चांगलाच आहे. बाळांचे केस मात्र विरळ असतात, त्यांची वाढ अनियमित असते आणि जन्मतः असलेल्या केसांत गर्भावस्थेचा काळही मिसळलेला असतो, त्यामुळे पहिल्या दीड-दोन वर्षांसाठी मी स्वॅबलाच पसंती देईन.

संचाच्या जाहिरातीत एक गोष्ट सूचित केली जाते, ती मात्र मला मान्य नाही. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचा गुणांक, जास्त आला की मूल तणावात आणि कमी आला की सुखात, असे ते चित्र असते. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमधील अनाथालयांतील मुलांवर 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात 136 मुले होती. यादृच्छिक निवडीने त्यांतील निम्मी मुले त्यांचा सांभाळ करणाऱ्या पालक-कुटुंबांत गेली. दोन्ही गटांतील मुले साधारण बारा वर्षांची असताना केलेल्या चाचणीत संस्थेतच राहिलेल्या मुलांची कॉर्टिसॉल-प्रतिक्रिया मंद, दबलेली आढळली. कुटुंबात लवकर, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलांची प्रतिक्रिया घरी वाढलेल्या मुलांच्या जवळ जाणारी होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष वाचूनही ‘जास्त ताण, जास्त कॉर्टिसॉल’ असे गृहीतक मांडून अनुदान मागणारे अर्ज मी पाहतो, आणि त्या अर्जदारांची मला मनापासून काळजी वाटते. संशोधनाची दोन वर्षे गेल्यावर आकडे उलटे आले, की ते प्रसिद्ध करण्याचे धैर्य उरत नाही. दोन्ही दिशांचे अर्थ आधीच लिहून नोंदवून ठेवले असतील, तर तेच आकडे निबंध होतात.

पोस्टडॉकच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण संचात नसून फ्रीजरमध्ये आहे. नीतिसमितीची मंजुरी, कुटुंबांची भरती, मुलांच्या आजारपणामुळे पुढे ढकललेल्या भेटी यांत पहिले वर्ष सरते. नमुने साठवून सगळे एकदम तपासायचे अशी प्रथा असल्याने निकाल कराराच्या शेवटी हातात येतात, आणि तोवर नव्या नोकरीचे अर्ज निघून गेलेले असतात. नमुने संस्थेचे असतात. बदली झाली की ते तिथेच राहतात. म्हणून संच मागवण्यापूर्वीच प्रमुख संशोधकाशी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: पहिली तुकडी कधी तपासायची, निघून गेल्यानंतर आकड्यांवर काम करता येईल का, आणि प्रथम लेखकाचा मान कोणत्या निबंधावर. प्रयोगशाळेत आधीपासून साठवलेले जुने नमुने असतील, तर नव्या संचाआधी ते तपासण्याची परवानगी मागावी. योग्य तापमानाला ठेवलेले कॉर्टिसॉल टिकाऊ असते, आणि अनेक प्रयोगशाळांत असे न तपासलेले नमुने पडून असतात.

जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची प्रयोगशाळेतील प्रतिक्रिया अभ्यासणाऱ्यांनी हा संच निःशंकपणे घ्यावा. घरगुती नमुन्यांसाठी तो वेळनोंदीच्या साधनांसह घेता येत असेल तरच घ्यावा. करारात दीड वर्षाहून कमी काळ उरला असेल, तर नवी भरती सुरू करण्यासाठी तो घेऊ नये. मागवताना कुटुंबांच्या संख्येपेक्षा बरेच अधिक स्वॅब मागवावेत, कारण जमिनीवर पडणारे आणि बाळाने अर्धवट चावून फेकलेले स्वॅब पुन्हा वापरता येत नाहीत, आणि गोठवणीत टिकणारी चिकटपट्टीची लेबले संचात मिळत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात.