नव्या गाडीची पाटी: आठ महिन्यांनंतर

नव्या रेल्वेगाड्यांचा एसी, सीट, चार्जिंग पॉइंट यांवर सगळ्यांचं बोलून झालंय. मी फक्त गाडी कुठे जाणार ते सांगणाऱ्या पाटीबद्दल लिहिणार आहे, कारण त्या पाटीपायी मी दंड भरलाय.

आमच्या मार्गाला पुढे फाटा फुटतो. दोन्ही फाट्यांच्या गाड्या एकाच फलाटावर येतात, दिसायला अगदी जुळ्या. जुन्या गाड्यांवर कापडी गुंडाळीची पाटी असायची, आतून हँडल फिरवून नाव बदलायचं. कधी फिरवायचं राहून जायचं, मग एक डबा एकीकडे निघालेला आणि शेजारचा भलतीकडे. पण पाटीवर जे असेल ते हलत नसे. मान वर केली की वाचून मोकळे.

नव्या गाडीच्या तोंडावरची पाटी मात्र झकास आहे. रंगीत एलईडी, मोठ्या गोलात मार्ग क्रमांक, शेजारी शेवटचं स्टेशन. गाडी फलाटात शिरायच्या आधीच कळतं. पहिला महिनाभर मी तिचंच कौतुक सांगत फिरत होतो.

घोळ आहे तो डब्याच्या बाजूच्या पाटीत. जागा वीतभर आणि सांगायची हौस दांडगी. आधी क्रमांक, मग शेवटचं स्टेशन, मग तेच दुसऱ्या लिपीत, मग 'अमुक जंक्शन मार्गे'. एकेक पान तीन सेकंद, मी घड्याळ लावून मोजलंय. म्हणजे एक फेरी १२ सेकंदांची, आणि दारं उघडी राहतात जेमतेम २०. जिन्यावरून धावत येणाऱ्याला गाडीचं तोंड दिसत नाही, ते केव्हाच पुढे गेलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात असाच धापा टाकत पोचलो तर पाटीवर 'मार्गे'. अहो, त्या जंक्शनपर्यंत दोन्ही गाड्या जातात! फाटा त्याच्या पुढे आहे. भोंगा वाजला, चढलो. पास दुसऱ्या फाट्याचा होता. भरलेल्या दंडात अर्ध्या महिन्याचा पास आला असता.

मग तक्रार केली. सोबत भर दुपारी काढलेला फोटो जोडला. त्यात निम्मी अक्षरं गायब होती, म्हणून वर 'दिवे बंद पडले आहेत' असंही ठणकावून लिहिलं. इथे मी तोंडावर आपटलो. दिवे ठणठणीत होते. अशा पाटीत दिव्यांच्या ओळी आळीपाळीने पेटतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला अख्खं अक्षर दिसतं. उन्हात कॅमेऱ्याचं शटर क्षणभरच उघडतं, त्याला तेवढ्या वेळात पेटलेल्याच ओळी मिळतात. उत्तरात हे समजावून सांगितलं होतं, पानांबद्दल अवाक्षर नाही. माझ्याच फोटोनं माझी खरी तक्रार खाल्ली.

तर बंद दिव्यांचा आरोप मागे. रंगाबद्दलही मत थोडं बदललंय. आधी वाटायचं, रंग दिला की बाकी काही नको. पण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ए, सी आणि ई या तिन्ही गाड्यांचा रंग निळाच. तिथे १९७९ पासून रंग ठरतो तो मॅनहॅटनमधल्या मुख्य मार्गावरून, म्हणजे पुढे कुठे जायचं ते अक्षरच सांगणार. शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आमचे दोन फाटे नेमके लाल आणि हिरवे! गोलातला आकडा आहे म्हणून निभावतंय.

सहाव्या महिन्यात, कुणालाही न सांगता, बाजूच्या पाटीत सुधारणा झाली. आता क्रमांक डावीकडे कायम राहतो, फक्त उजवीकडची नावं बदलतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी फलाटावर उभा राहून तीन गाड्या नुसत्या बघितल्या. फेरी १२ वरून नऊ सेकंदांवर आलीय आणि नऊ सेकंद थांबायची गरजही उरलेली नाही. माझ्या तक्रारीमुळे झालं असेल असं घरी सांगून ठेवलंय.

आतल्या स्क्रीनवर पुढची स्टेशनं ओळीने दिसतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाहेरच्या स्पीकरवरून दार उघडताना क्रमांक आणि शेवटचं स्टेशन बोलतात. ज्यांना दिसत नाही त्यांना पाटी काय कामाची, त्यांची सगळी भिस्त यावर. पण गर्दीच्या वेळी आवाज पोचत नाही.

'मार्गे' मात्र अजून आहे. परवा दारात एक बाई विचारत होत्या, "ही वरच्या फाट्याची का हो?" त्यांच्या डोक्यावरच पाटी होती. दोघांनी वर पाहिलं, नेमकं 'मार्गे'. मी म्हटलं, "डावीकडचा आकडा बघा." त्या म्हणाल्या, "आकडा कुणाला पाठ असतो? नाव सांगा." तीन सेकंदांनी नाव आलं, त्यांचं नव्हतं, आणि त्या पटकन मागे सरकल्या.

तोंडावरच्या पाटीला पाचपैकी पाच. बाजूच्या पाटीला आधी एक दिला होता, आता साडेतीन. उरलेल्या दीडासाठी 'मार्गे' काढायची दुसरी तक्रार टाकलीय, या वेळी फोटोशिवाय.