मराठी चित्रपटात 50 लाख घालताना: नफ्यात वाटा की ठरलेलं व्याज?

निर्माता दोन पर्याय पुढे ठेवतो. एक, 50 लाख घाला आणि नफ्यात वाटेकरी व्हा. दुसरा, तेच 50 लाख वर्षाला 18 टक्क्यांनी फायनान्स म्हणून द्या. यातलं काय घ्यावं हे ठरवण्याआधी पेपरात येणाऱ्या गल्ल्यातून आपल्यापर्यंत किती पोहोचतं, ते मांडून बघायलाच हवं.

समजा, चित्रपटाला खर्च आला 3 कोटी आणि गल्ला झाला 12 कोटी. ऐकणारा म्हणेल, चौपट! पण 100 रुपयांवरच्या तिकिटात 18 टक्के जीएसटी असतो. तो काढला की नेट उरतं साधारण 10 कोटी 17 लाख. (100 पर्यंतच्या तिकिटाला सप्टेंबर 2025 पासून 5 टक्केच आहे, म्हणून स्वस्त तिकिटांच्या सिंगल स्क्रीनवर तेवढ्याच गल्ल्यात नेट जास्त सुटतं.) पुढे थिएटरवाल्याचा वाटा. 2009 साली हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे चित्रपट देणं थांबवलं, त्यानंतर जी टक्केवारी रूढ झाली ती अशी: वितरकाला पहिल्या आठवड्यात नेटच्या 50, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के. सरासरी 45 धरली तर वितरकाकडे येणारा हिस्सा, म्हणजे शेअर, झाला 4 कोटी 58 लाख. त्यातून वितरकाचं 15 टक्के कमिशन आणि प्रसिद्धी-प्रिंटचा 1 कोटी खर्च वजा केला की उरले 2 कोटी 89 लाख. ओटीटी आणि सॅटेलाइट (टीव्ही) हक्कांचे मिळून 1 कोटी आले असं समजू. एकूण 3 कोटी 89 लाख, म्हणजे खर्च वसूल होऊन शिल्लक 89 लाख. (कमिशन, प्रसिद्धी आणि हक्कांचे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या निर्मात्याचे घालून बघा.)

निम्मा नफा निर्मात्याचा, निम्मा गुंतवणूकदारांचा असा करार असेल तर 3 कोटींतल्या तुमच्या 50 लाखांच्या वाट्याला सुमारे 7 लाख 40 हजार येतात. परतावा पावणेपंधरा टक्के. बरा वाटतो. पण शूटिंगपासून ओटीटीचा शेवटचा हप्ता येईपर्यंत दोन वर्षं गेली असतील, तर तो वर्षाला पडला जेमतेम 7.2 टक्के. सात टक्क्यांची एफडी जवळपास तेवढंच देते, आणि तेही झोप न उडवता.

म्हणून नुसता एकूण परतावा मोजू नका, कोणत्या तारखेला किती गेले आणि किती आले ते मोजा. एक्सेलच्या एका कॉलममध्ये तारखा, शेजारी रकमा, दिलेल्या रकमेला उणे चिन्ह, आणि खाली एक्सआयआरआर (XIRR), म्हणजे तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारं सूत्र. रिलीज सहा महिने पुढे ढकलून बघा. नफ्याचा आकडा तोच राहतो आणि वार्षिक दर घसरतो. निर्मात्याच्या सादरीकरणात हा तक्ता मला क्वचितच दिसतो.

आता व्याज. तेच दोन वर्षं 18 टक्के सरळ व्याजाने 68 लाख होतात. वाटेकरीच्या 57 लाख 40 हजारांपुढे हे उघडच सरस दिसतं. पण चित्रपट पडला तर ते 68 लाख देणार कोण? एकाच चित्रपटासाठी काढलेल्या कंपनीकडे त्या चित्रपटाशिवाय काही नसतं. मग तुम्ही जोखीम घेतली वाटेकऱ्याची आणि चित्रपट तुफान चालला तरी मिळणार 18 टक्केच. माझ्या मते हा सगळ्यात वाईट सौदा आहे. पूर्वी फायनान्सर लॅब लेटर (फायनान्सरच्या संमतीशिवाय प्रिंट काढणार नाही, असं फिल्म लॅबचं पत्र) घेऊन निगेटिव्हवर हक्क ठेवत. आज तेवढीच पक्की पकड हवी: रिलीजआधी तुमची रक्कम चुकती होईल असं लेखी, किंवा चॅनेलशी झालेल्या करारातले पैसे थेट तुमच्या खात्यात. निर्मात्याकडे असं तारण, जुन्या चित्रपटांचे हक्क किंवा दुसरी मिळकत असेल, तर निःशंक व्याज घ्या. नसेल, तर वाटाच घ्या, तोही बुडाला तरी घर चालेल एवढ्याच रकमेचा.

'सैराट'चं उदाहरण प्रत्येक जण देतो: सुमारे 4 कोटींचा चित्रपट आणि 110 कोटींच्या आसपास गल्ला. तो 2016 साली आला, तेव्हा महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता आणि जीएसटी यायचा होता. त्या गुणोत्तरावर आजचा अंदाज बांधू नये.

वाटा घेणार असाल तर करारातली 'नफा' ही व्याख्या वकिलाकडून ओळीन् ओळ वाचून घ्या. पॅरामाउंटच्या 1988 सालच्या 'कमिंग टु अमेरिका'ने जगभरात सुमारे 28 कोटी 80 लाख डॉलरचा गल्ला केला, तरी करारातल्या व्याख्येप्रमाणे निव्वळ नफा झालाच नाही, असं स्टुडिओने मूळ कथाकल्पनेचे लेखक आणि करारानुसार नफ्यातले वाटेकरी आर्ट बुचवाल्ड यांना सांगितलं. न्यायालयाने 1990 मध्ये त्या हिशेबातल्या अटी अन्याय्य ठरवल्या, पण तोवर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आपल्याकडे तीन गोष्टी लिहून घ्या: एक, आधी सर्व गुंतवणूकदारांचं मुद्दल, मगच नफ्याची वाटणी; दोन, वजा होणाऱ्या खर्चांची बंद यादी आणि प्रसिद्धीखर्चाला कमाल मर्यादा; तीन, वितरकाचे रोजचे कलेक्शन रिपोर्ट तुमच्या सीएला थेट बघण्याचा हक्क. तिसऱ्या अटीला निर्माता नकार देत असेल, तर चेक लिहू नका.